बेरिलबाईंच्या बुटांना बैलाच्या पत्र्या

आमच्या घरात माणसांपेक्षा बैलांची चौकशी जास्त व्हायची, कारण बैल आला तरच चूल पेटायची. माझे वडील, अण्णा, नालबंद. माणदेशातल्या आठवडी बाजारांत ते बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचे. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्यामुळे घोड्यासारखी एक अखंड नाल त्याला चालत नाही. एका खुराला दोन चपट्या लोखंडी पत्र्या लागतात, चंद्रकोरीसारख्या. आणि बैल काही पाय पुढे करून "मारा" म्हणत नाही. दोराचा फास टाकून त्याला आडवा पाडायचा, पाय बांधायचे, मग खालून खिळे ठोकायचे. खिळ्याचं टोक खुराच्या बाजूने बाहेर येतं, ते मुरगाळून हातोडीने बसवून टाकायचं.

अण्णा ठोकायचे, आई पाय धरायची, आणि मी, घरातली थोरली, बैलाच्या मानेवर बसायचे. तिथे बसून त्याच्याशी बोलत राहायचं, एवढंच माझं काम. "हात मी चालवतो, तोंड तू चालव," असं अण्णा म्हणायचे. बोलणं थांबलं की बैल घाबरतो आणि उसळतो. आता बैलाशी बोलणार काय? मी आपली शाळेतलं पाठांतर म्हणायचे. सातवीचा भूगोल मी अर्ध्या तालुक्यातल्या बैलांना शिकवलेला आहे. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते एका खिलाराच्या कानात.

मग ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला पत्र्या लागत नाहीत. अण्णा बाजारात सकाळी हत्यारं मांडून बसायचे आणि संध्याकाळी तशीच गुंडाळून आणायचे. आई डाळिंबाच्या बागेत मजुरीला जायला लागली. एका दिवाळीला घरात भिजवलेल्या हरभऱ्यांशिवाय काही नव्हतं. आईने जाहीर केलं, "हा चिवडा आहे." आम्ही भावंडांनी मुकाट्याने चिवडा खाल्ला. धाकट्याने तर "कालच्यापेक्षा कुरकुरीत झालाय" असंही सांगितलं.

त्या घरातून मी फिजिओथेरपीची पदवी घेतली. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी संधी मिळेल तिथे सांगते. माझा नवरा मंदार पुण्याचा. त्याचे पणजोबासुद्धा बी. ए. होते, त्यामुळे त्यांच्या घरात पदवीचं कौतुक नाही, पंचांग असावं तशी ती असतेच. माझ्याकडे मात्र तिची फ्रेम आहे, आणि ती हॉलमध्ये आहे, बेडरूममध्ये नाही. गावात लोकांना वाटायचं मी मालिश करायला शिकले. अण्णांनी सगळ्यांना नीट समजावलं, "मी पाडायचो. पोरगी उभं करती."

याहून चांगली व्याख्या मला कॉलेजातही कुणी सांगितली नव्हती.

ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या एका वृद्धनिवासात मी बरीच वर्षं हेच करते आहे. खुर्चीतून उठणं ही तुम्हाला क्षुल्लक गोष्ट वाटत असेल. ती अवघड कला आहे. आधी बूड खुर्चीच्या कडेला आणायचं, पावलं मागे घ्यायची, मग पुढे इतकं वाकायचं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे. म्हातारी माणसं नेमकी इथे अडतात. नाक पुढे काढायला भीती वाटते, म्हणून ती मागे रेलून उठायला बघतात आणि पुन्हा धपकन बसतात. स्नायूंचं काम मी करून घेते. भीतीचं काय करायचं, ते पुस्तकात नाही. आमच्याकडे एक निवृत्त मेंढपाळ होते. व्यायाम म्हटला की डोळे मिटायचे. एक दिवस आमची सामोअन केअरगिव्हर सिना त्यांच्या दारात उभी राहून ओरडली, "अहो, फाटक उघडं राहिलंय, मेंढ्या चालल्या रस्त्यावर!" आजोबा ताडकन उभे. मागाहून त्यांनी आम्हा दोघींना ज्या शिव्या घातल्या त्या मात्र बसून घातल्या.

बेरिलबाईंना मेंढ्यांचं काही देणंघेणं नव्हतं. इथे सगळे सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, म्हणून मनात मी त्यांना बाई लावते. वय नव्वदीच्या बरंच पुढे, पण लिपस्टिकशिवाय नाश्त्याला बसत नसत. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड उत्तम जुळलं. पण बाई उठेनात. मी समोर बसून "नाक पुढे, बेरिल," म्हणायचे. त्या नाक पुढे आणायच्या, पाय थरथरायचे, आणि "नको गं, लव. झालं माझं उभं राहून," म्हणत मागे टेकायच्या. लव म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांचं 'बाळा'.

आमची मॅनेजर हेलन वाईट नाही, पण तिला नियम पाळायचे असतात. दिवाळीच्या आठवड्यात बेरिलबाईंची तपासणी होणार होती. तोवर त्या स्वतः उठल्या नाहीत तर त्यांची रवानगी पलीकडच्या हॉस्पिटल विंगमध्ये. तिथे झोळीचं यंत्र असतं. कापडी झोळीत माणूस ठेवायचा, बटण दाबायचं, झोळी वर जाते, आणि माणूस लटकत लटकत कमोडपर्यंत जातो. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी यंत्र छानच आहे. पण एकदा त्यात बसलेलं माणूस परत पायावर आलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

"मला पाळण्यात घालून संडासला नेणार?" बेरिलबाई म्हणाल्या. "या देशाच्या प्रत्येक गावाने मला माझ्या पायांवर बघितलंय!"

मला वाटलं, वयामुळे बोलताहेत. पण ते खरं होतं.

त्यांच्या नातवाने घरातलं एक जुनं फिल्मचं रीळ साफ करून पेन ड्राइव्हवर घालून पाठवलं. शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळी लाउंजमधल्या मोठ्या टीव्हीवर ते लावलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. एक बाप, एक आई आणि दोन मुली स्टेजवर टॅप डान्स करताहेत, म्हणजे बुटांना लोखंडी पट्ट्या लावून पायांनी ताल वाजवायचा नाच. धाकटी पाचेक वर्षांची, तीच बेरिल. चौघांचे पाय असे चालले होते की जणू पायांचं एकीकडे काही चाललंय आणि वरची माणसं हसत दुसऱ्याच गप्पा मारताहेत. अशा फिरत्या खेळांना व्हॉडव्हिल म्हणत. आपल्या तमाशाच्या फडाची लांबची मावसबहीण समजा. गाणं, नाच, विनोद, जादू, मध्येच कुत्र्याची कसरत, आणि सगळा बाडबिस्तरा रेल्वेने गावोगाव.

"आम्ही शेवटी शेवटी आलो," बेरिलबाई म्हणाल्या. "बोलपट आले आणि आम्हाला कुणी विचारेना. डॅड हॉल भाड्याने घ्यायचा आणि समोर रिकाम्या खुर्च्या."

"म्हणजे तुमच्याकडेही ट्रॅक्टर आले," मी म्हणाले. त्यांना ते कळलं नाही, पण मान डोलावली.

लाउंजमध्ये मजा चालली होती. सिना हसून हसून सोफ्याच्या पाठीवर आडवी झाली होती. "हा माणूस चालतोय की इस्त्री करतोय?" एवढ्यात पडद्यावर दुसरा नाच सुरू झाला. बेरिलबाईंचे वडील महाराजा होऊन आले. डोक्यावर फेटा, तोंडाला काहीतरी काळपट फासलेलं, हातात पुंगी, आणि टोपलीतून साप म्हणून बायकोचा मोजा घातलेला हात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिथे भारतीय मी एकटीच. हेलनने घाईघाईने रिमोट दाबला, आणि घाईत बंद करायच्या ऐवजी चित्र थांबवलं. आता महाराजा टीव्हीभर, डोळे फाडून, जागच्या जागी.

"सुनंदा," हेलन हळूच म्हणाली, "तुला जरा बाहेर बसायचंय का? कुणाशी बोलायचं असेल तर सोय आहे."

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू. पण मला दुसरंच काही दिसत होतं. "बेरिल, बाकी सगळं चूक आहे," मी म्हणाले, "पण फेटा बरोबर बांधलाय. हा कुणी बांधला?"

"पुकेकोहे गावचा भाजीवाला!" बाई खूश. "तुमच्याकडचाच. खेळ संपल्यावर मागे आला आणि डॅडला म्हणाला, तू काय डोक्याला टॉवेल गुंडाळतोस, लाज आणलीस. स्वतः बांधून दाखवला. तोंडाला काय फासतोस हे चांगलं नाही, असंही म्हणाला. डॅडने ते ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं." मग म्हणाल्या, "तो कोको होता. खेळ झाल्यावर आम्ही दोघी बहिणी डॅडच्या गालावरून बोटाने चाटायचो. त्या हिवाळ्यात आमच्या घरी कोको तेवढाच होता."

मला आमचा चिवडा आठवला. हेलनला मी म्हटलं, बोलायला कुणी नको, चहा दे आणि चित्र पुढे चालू कर.

आता माझी मुलगी आर्या. चौदा वर्षांची. शाळा सुटली की माझी ड्यूटी संपेपर्यंत लाउंजमध्ये फोन घेऊन बसते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. तिने फोनवरून मान वर केली, ते नाचणारे पाय दोन क्षण बघितले आणि निकाल दिला, "मम, दॅट्स सो एआय."

"आर्या, खरी माणसं आहेत ती."

"नो वे. नीज डोन्ट डू दॅट."

बेरिलबाईंनी सिनाला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, हे खोटं आहे. कॉम्प्युटरने बनवलंय."

"कॉम्प्युटरने? माझे गुडघे?"

आणि बाईंनी हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, बूड कडेला आणलं, पावलं मागे घेतली, नाक आर्याच्या दिशेने पुढे काढलं आणि उभ्या राहिल्या. मी इतके आठवडे सांगत होते, अगदी त्याच क्रमाने. आर्याच्या हातातून फोन पडला. बाईंनी उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटला, मग तोल गेला आणि त्या खुर्चीत परत बसल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "बूट आणा."

घरी मंदारला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, पण ते फास्ट दिसतं याचं कारण फ्रेम रेट. जुने कॅमेरे कमी फ्रेम घ्यायचे. ओरिजिनली त्या बऱ्याच स्लो असणार." पुणेरी माणसाला माहिती असली की ती तो पोचवतोच. रविवारी भेटायला आल्यावर त्याने ती थेट बेरिलबाईंना पोचवली. बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "हा तुझा नवरा? आवडून केलास?" त्या दिवशी त्या तीन वेळा उठल्या. मी मंदारला दर रविवारी यायला सांगितलं.

पण बुटांचं अडलं. बाईंचे पाय इतके वाकडे झालेले की विकतचे नाचाचे बूट चढेनात. चढायचे ते फक्त त्यांचे राखाडी, वेल्क्रोचे. त्यांचे तळवे मऊ, आवाज शून्य. दोन पावलं टाकली की बाई थांबायच्या. "पायाला आवाज नसला की पाय आंधळा होतो, लव. जमीन कुठेय ते कळत नाही."

आवाजासाठी बुटाला लोखंडी पट्टी लागते. मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. तिथे वर अण्णांच्या पत्र्या लावल्या आहेत. मी देश सोडताना त्यांनी दिलेल्या, शेवटच्या घडवलेल्या. विमानतळावर इथल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, "या जनावराच्या पायाला लागल्या आहेत का?" मी खरं ते सांगितलं, "नाही. बैलच आला नाही, म्हणून तर उरल्या."

बैलाला आठ पत्र्या लागतात, चार पायांना दोन-दोन. बेरिलबाईंना पुढच्या चवड्याला दोन आणि टाचेला दोन, असे दोन बूट. एका बैलाचा संच एका बेरिलला बरोब्बर पुरत होता. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

"बुटाला मारायच्या? मार की. आधी पाडून घे."

"अण्णा, नव्वदीच्या पुढची म्हातारी आहे ती."

"मग पाडायला सोपी."

"अहो, बूट काढून मारणार आहे मी!"

"आसं व्हय. मग सोपंच हाय. पर तोंड चालव बरं का. जनावर बिथरतं."

"बूट बिथरत नाही, अण्णा."

"तू चालव की. काय जातंय तुझं?"

गॅरेजमध्ये मंदार ड्रिल आणि गोंद घेऊन उभा होता. मी म्हटलं बाजूला हो, हे आमच्या घराण्याचं काम आहे. आणि घराण्याचं काम असल्यामुळेच घोळ झाला. हाताला एकच सवय. खिळे खालून तिरपे घातले, टोकं बुटाच्या बाजूने बाहेर काढली, मुरगाळून बसवली. खुराला बसवतात तसं. पत्र्याही दोन-दोन, मधे फट ठेवून. काम इतकं सुबक झालं की मी मागे सरकून बघितलं, आणि तेव्हा लक्षात आलं: ते बूट नव्हते, ते खूर होते. वेल्क्रो लावलेले.

त्यातून मऊ तळव्यात पत्र्या घट्ट बसेनात, जरा हलायच्या. एक पाऊल टाकलं की दोन आवाज. ट-टक्. बाईंनी घालून बघितले. "गाय शिरलीये घरात," सिना म्हणाली. बाई मात्र पाय हलवतच राहिल्या. ट-टक्, ट-टक्. "पैसे एका पावलाचे आणि आवाज दोन पावलांचे," त्या म्हणाल्या. "हे डॅडला सुचायला हवं होतं."

हेलनने बूट बघितले आणि खाली बसली. वृद्धनिवासात, पडलेल्या बाईच्या पायात, लोखंड! मी तिला शांतपणे सांगितलं: गुळगुळीत फरशीवर नाही, प्लायवूडच्या फळीवर. दोन्ही बाजूंना धरायचे बार. कमरेला माझा पट्टा, पट्टा माझ्या हातात. मागे खुर्ची. हेलन म्हणाली, पट्टा सोडायचा नाही. मी म्हटलं, कासरा सोडणाऱ्यांतली मी नाही. तिला मी त्याचं 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम ठीक', असं भाषांतर करून सांगितलं.

मग आली दिवाळी. इथे दिवाळी वसंतात येते, पणत्या लावाव्यात तर बाहेर लख्ख ऊन. दुपारी लाउंजमध्ये कार्यक्रम ठेवला. मी केलेल्या चकल्या म्हातारी मंडळी चहात बुडवून खात होती. बेरिलबाईंनी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून सिनाकरवी आणलेलं सोनेरी टिकल्यांचं जाकीट घातलं होतं. तपासणीची नर्स त्याच दिवशी आली होती. हेलनने तिला मागच्या रांगेत बसवलं. आर्याने माझ्या फोनवर अण्णांना लावून तो चकल्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि स्वतःच्या फोनने शूटिंग करायला उभी राहिली. तिकडे सकाळ. अण्णा अभ्यंगस्नान करून, टोपी घालून बसलेले.

बाई उठल्या. नाक पुढे, झकास. सिनाने रिकाम्या डब्यावर ताल धरला. ट-टक्, ट-टक्. बाई गुणगुणत होत्या, बार नुसते बोटांनी शिवत होत्या, आणि मी पट्टा धरून मागे, "छान, अजून एक" असं सतत बोलत. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी बघतच राहिले. त्या राखाडी वेल्क्रोखाली माझ्या बापाचं लोखंड वाजत होतं. बैलासाठी घडवलेलं, बैलाला कधीच न लागलेलं.

आणि बघता बघता मी बोलायची थांबले.

बाई ताठल्या. गुणगुणणं बंद. पट्ट्यातून मला कळलं, थरथर सुरू झाली, सगळा भार मागे यायला लागला. मागच्या रांगेत नर्सने पेन उघडलं. "नको गं," बाई पुटपुटल्या. "खुर्ची."

तेवढ्यात चकल्यांच्या डब्याजवळून अण्णांचा बाजारातला आवाज आला, "सुनंदेऽऽ! तोंड चालव!"

काय बोलायचं ते डोक्यात नव्हतंच. जिभेवर होतं. "न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन!" मी ओरडले. "न्यूझीलंडचे मुख्य भाग दोन! उत्तर बेट, दक्षिण बेट! मेंढपाळी हा प्रमुख व्यवसाय!"

बाईंनी कान टवकारले. वेलिंग्टन तेवढं त्यांना कळलं असणार. "वेलिंग्टनला," त्या म्हणाल्या, "आम्हाला तीनदा परत बोलावलं होतं." आणि उजवा पाय उचलला. मी भूगोल म्हणत गेले, त्या ट-टक् करत गेल्या. हवामान, पर्जन्यमान, लोकर, लोणी. सिनाला लय सापडली. मंदार मागून म्हणाला, "अगं, ते आता बदललंय, आता टुरिझम पण—" आर्या म्हणाली, "बाबा, नॉट नाऊ." लोण्याची निर्यात संपता संपता बाईंनी टाच आपटली, एक हात बारवरून काढला, जाकिटाची कड धरली आणि वाकून नमस्कार केला. नाक बोटांच्या पुढे. मग खुर्चीत बसल्या, स्वतःच्या मर्जीने.

फोनमधून अण्णा विचारत होते, "पत्री निघाली न्हाई नव्हं?"

आर्याने बाईंना आणि नातवाला विचारून व्हिडिओ टाकला. लोकांच्या प्रतिक्रिया आल्या. कुणी बदाम टाकले, कुणी म्हणालं मागची बाई मंत्र म्हणते आहे. पण बऱ्याच जणांचं मत एकच: नव्वदीत इतक्या वेगाने कुणाचेही पाय वाजत नाहीत, हे एआय आहे. आर्या ते वाचून इतकी चिडली की एकेकाला उत्तरं देत बसली, "आय वॉज देअर!" बाईंना ते सांगितलं, तेव्हा त्या उशीला टेकून कितीतरी वेळ गालातल्या गालात हसत होत्या.

अण्णा आता गावात सांगतात की आपण शेवटची पत्री न्यूझीलंडला मारली. जनावर कसं होतं असं कुणी विचारलं, तर म्हणतात, "वयस्कर. पर गुणी." माझ्या पदवीचं कौतुक त्यांनी इतक्या लोकांना कधी सांगितलं नसेल. माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर आता नुसते खिळे आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की ते लोखंड वाजताना अण्णांनी इथे समोर बसून ऐकायला हवं होतं.

नर्सने त्या दुपारी बाईंना पुन्हा एकदा उठायला सांगितलं, साधे बूट घालून, भूगोलाशिवाय. त्या उठल्या आणि दारापर्यंत जाऊन आल्या. खोली बदलली नाही. त्यांच्यासाठी पलीकडच्या विंगमधून आधीच आणून ठेवलेलं झोळीचं यंत्र हेलनने परत पाठवलं.

बेरिलबाई आता स्वतःच्या पायांनी संडासला जातात.